उन्हात तापलेली गाडी आणि तिच्यातली मशिनं : काय, कुठे आणि का ठेवावं

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जाणं नवीन नाही. त्या उन्हात चिंचोळी एमआयडीसीत, अक्कलकोट रोडला किंवा जुळे सोलापुरातल्या एखाद्या नव्या इमारतीसमोर कामावरच्या गाड्या दिवसभर उभ्या दिसतात. कुणाची ईको, कुणाची जुनी ओम्नी, कुणाचा छोटा हत्ती. आत फॅब्रिकेटरचं कटर मशीन, एसी दुरुस्तीवाल्याची हत्यारं, इलेक्ट्रिशियनची ड्रिल, सोलर बसवणाऱ्यांचे क्लॅम्प आणि नटबोल्ट. गेल्या काही वर्षांत या सामानात एक मोठा बदल झाला. वायरच्या मशिनांबरोबर बॅटरीवरची मशिनं आली. सामान ठेवायची पद्धत मात्र जुनीच राहिली: सगळं मागे टाका, दार ओढा, कुलूप लावा.

मग उन्हाळ्यात तक्रारी सुरू होतात. बॅटरी फुगली, चार्ज धरत नाही, चार्जरवर लाल दिवा लुकलुकतोय. त्यात बॅटरी पेटल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात आणि लोक घाबरतात, पण आत नेमकं काय होतं हे त्यातून कळत नाही. ते इथे सांगायचं आहे. कारण चोराची काळजी आपण सगळेच घेतो, पण गाडी स्वतःच सामानाचं काय करते याचा विचार फारसा होत नाही. गाडी तापते आणि गाडी हलते. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

## बंद गाडी आतून किती तापते?

पत्र्याची बंद गाडी उन्हात उभी केली, की तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी वाढू शकतं. बाहेर ४२ असेल तर आत ६०च्या पुढे. काचेतून आलेलं ऊन सीट, पत्रा, डॅशबोर्ड तापवतं आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. डॅशबोर्डवर किंवा काचेला लागून ठेवलेली वस्तू आतल्या हवेपेक्षाही जास्त तापते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कडुनिंबाच्या सावलीत गाडी लावल्याने मात्र पडतो.

आता बॅटरीसोबत आलेली पुस्तिका उघडा. साठवणीची मर्यादा तिथे छापलेली असते. काही कंपन्या ४० अंश सांगतात, काही ५०. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बंद गाडीत ठेवलेली कुठलीही बॅटरी तिच्या मर्यादेबाहेरच असते.

## बॅटरीच्या आत काय घडतं?

ड्रिलच्या १८ व्होल्टच्या बॅटरीत साधारण अंगठ्याएवढे गोल सेल असतात. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि मोठ्या बॅटरीत अशा दोन रांगा असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२. त्यामुळे '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेल्या बॅटऱ्या आतून बहुतेक वेळा सारख्याच असतात. बाजारात पाच सेलच्याच बॅटरीवर ४८ किंवा ८८ असे आकडे छापूनही विकतात. त्या आकड्यांना भुलू नका. जिथे व्होल्टच खरे लिहिलेले नाहीत, तिथे आतली सुरक्षा पाटी धड असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ही सुरक्षा पाटी म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं छोटं सर्किट. बॅटरी फार तापली, फार उतरली किंवा फार करंट ओढला गेला, तर ते पुरवठा तोडतं. ऊन खाल्लेली बॅटरी चार्जरला लावल्यावर तो चार्जिंग सुरू करत नाही, ते याच देखरेखीमुळे. तेव्हा बॅटरी बिघडलेली नसते, फक्त गरम असते. सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवली की बहुधा चार्ज घेते. तिला फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल्या फडक्यातही गुंडाळू नका. आत ओल धरली तर दुसरंच दुखणं मागे लागतं.

सेलच्या आत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारं द्रव असतं. पडदा फाटला किंवा वितळला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि उष्णता तयार होते. त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेगाने होतात, त्यातून आणखी उष्णता निघते. ओला कडबा गंजीला लावला की काय होतं, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. बाहेरून गंजी शांत दिसते, पण आत निर्माण होणारी ऊब बाहेर पडू शकत नाही, ती साठत जाते आणि एक दिवस गंजी आतूनच पेटते. सेलमध्येही असंच होतं, फक्त दिवसांऐवजी काही सेकंदांत. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग तोही जातो.

## "माझ्या बॅटऱ्या तर कायम गाडीतच असतात, कधी काही झालं नाही"

हे म्हणणं खोटं नाही. चांगल्या कंपनीची, धड असलेली बॅटरी ६० अंशांना आपोआप पेटत नाही. तो पडदा वितळायला साधारण १३० अंश लागतात. त्यामुळे गाडीत बॅटरी राहिली म्हणजे आज आग लागणार, असं सांगून कुणी घाबरवत असेल तर ते चूक आहे.

पण उन्हाने दोन गोष्टी होतात. पहिली खिशाला लागणारी. तापमान जितकं जास्त, तितकी बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी त्या उन्हात सर्वांत जास्त झिजते. सकाळी फुल चार्ज करून दुपारभर गाडीत ठेवायची, हा तर बहुतेकांचा रोजचा क्रम. चार-पाच वर्षं चालायला हवी ती बॅटरी मग लवकरच निम्म्या ताकदीवर येते आणि शिव्या कंपनीला बसतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. शिडीवरून पडलेली, पावसात भिजलेली किंवा दुरुस्तीवाल्याने सेल बदलून दिलेली बॅटरी बाहेरून धडच दिसते. अशा दुखावलेल्या सेलला आधीच कमी उष्णता पुरते, आणि त्यात गाडीतल्या ६० अंशांची भर पडते. आपल्याकडे असलेल्या दहा बॅटऱ्यांपैकी कुठली दुखावलेली आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून नियम सगळ्यांना सारखाच लावावा लागतो.

## रोज काढायचं-ठेवायचं कुणी?

सगळी मशिनं रोज उतरवा असं मी म्हणत नाही. वायरचा ग्राइंडर, कटर मशीन, हॅमर यांना उन्हाने फारसं होत नाही. बॅटऱ्या तेवढ्या वेगळ्या काढा. एका हातात मावेल अशी पेटी करा, त्यात सगळ्या बॅटऱ्या आणि चार्जर ठेवा. साइटवर पोहोचलात की ती पेटी आत जाईल, संध्याकाळी घरी येईल. उतरवायची वस्तू एकच असली की कंटाळा येत नाही.

पेटी गाडीतच ठेवणं भाग असेल, तर आतून थर्माकोल लावलेला डबा किंवा पिकनिकला नेतात तसा जाड भिंतींचा बॉक्स वापरा. तो सीटखाली किंवा फरशीवर, ऊन येणार नाही असा ठेवा. त्यात बर्फ नको. असा डबा गारवा तयार करत नाही, बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावतो, एवढंच. म्हणून सकाळच्या गार बॅटऱ्या त्यात ठेवल्या तर फायदा आहे. नुकत्याच कामातून काढलेल्या गरम बॅटऱ्या ठेवल्यात, तर तीच उष्णता आत कोंडून राहील.

घरी चार्जिंग करताना बॅटरी फरशीवर ठेवा. गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगाजवळ नको, आणि घरातून बाहेर पडायच्या एकमेव दाराशीही नको. काही आठवडे काम नसेल तर बॅटरी फुल करून ठेवू नका. बॅटरीवर चार्ज दाखवणाऱ्या तीन कांड्यांपैकी दोन किंवा एक दिसेल इतकी पुरे.

## खिळे, स्क्रू आणि बॅटरी एकाच ट्रेमध्ये

बॅटरीचे पत्रे म्हणजे टर्मिनल खाचांमध्ये दडलेले असतात. त्यामुळे तिथे काही अडकणार नाही, असं वाटतं. पण फॅब्रिकेशनच्या गाडीत लोखंडाचा कीस सगळीकडे असतो. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेमध्ये तांब्याच्या तारेचे तुकडे असतात. गाडी हलली की ते नेमके खाचेत जातात. दोन टर्मिनल जोडले गेले की शॉर्ट. पातळ तार लालबुंद व्हायला एवढा करंट पुरतो, आणि शेजारी चिंध्या असतील तर पुढचं सांगायला नको.

नवी बॅटरी घेताना टर्मिनलवर जे प्लास्टिकचं टोपण असतं, ते फेकू नका. हरवलं असेल तर चिकटपट्टी लावा. बॅटरी मशीनला लावलेल्या अवस्थेत नेणं हाही बरोबर मार्ग नाही. प्रवासात ड्रिलचं बटण एखाद्या पाइपखाली दाबलं जातं आणि मशीन आपोआप फिरत राहतं. ग्राइंडरच्या बाबतीत तर हा विचारही नको.

## ब्रेक लागल्यावर दहा किलोचं मशीन

आता दुसरी बाजू, गाडी हलण्याची. ती उन्हापेक्षा कमी बोलली जाते आणि माझ्या मते जास्त जीवघेणी आहे.

गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. मागे काँक्रीट फोडायचा दहा किलोचा ब्रेकर सुटा पडलेला आहे. त्याचाही वेग तेवढाच. गाडी एखाद्या कंटेनरला धडकून थांबली, तरी ब्रेकरला थांबवणारं काही नाही. तो त्याच वेगाने पुढे येतो. हा वेग म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग. पुणे हायवेवर ताशी ८० ने जात असाल तर हीच उंची २५ मीटर होते. वेग १.६ पट झाला की मार अडीचपट होतो, कारण ही उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

दुसऱ्या बाजूने हिशोब केला तर ५० च्या वेगातली वस्तू अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तिचा रेटा तिच्या वजनाच्या वीसपट होतो. दहा किलोच्या मशीनचा दोनशे किलो. ड्रायव्हरच्या सीटची पाठ असा मार झेलण्यासाठी बनवलेली नसते.

म्हणून जड वस्तू फरशीवर आणि पुढच्या जाळीला किंवा पार्टिशनला टेकवून ठेवायची. तिला पुढे सरकायला जागाच नको. ईकोच्या कार्गो गाडीत मागे पार्टिशन मिळतं. प्रवासी गाडी वापरत असाल, तर सीटच्या मागे मजबूत जाळी बसवणं हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च आहे, आणि सोलापुरात फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्याला तर ती जाळी स्वतःच बनवता येते. फक्त भोकं पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सीएनजीची जोडणी हे सगळं त्या फरशीखालीच कुठेतरी असतं. पातळ पत्र्यात नुसता स्क्रू मारून लावलेला हुक पहिल्या झटक्यात उखडतो. खालून लोखंडी पट्टी देऊन बोल्ट आरपार कसा.

## दोरी, ट्यूब की पट्टा?

आपल्याकडे बांधायला मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सर्रास वापरतात. पाइपांचा जुडगा एकत्र धरायला ती चांगली. पण रबर ताणलं जातं. जोरात ब्रेक लागला की मशीन आधी पुढे सरकतं आणि मग पट्टी त्याला मागे खेचते, तोवर मार बसून गेलेला असतो. जड मशीनला न ताणला जाणारा पट्टा हवा. खटका ओढून घट्ट होणारा रॅचेट बेल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

किती घट्ट? युरोपात माल बांधण्याचं प्रमाण असं आहे, की पुढच्या दिशेने वस्तूच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के रेटा पट्ट्याने पेलला पाहिजे. हे जोरात ब्रेक मारण्यासाठी आणि वळणासाठी आहे, अपघातासाठी नाही. अपघातातला रेटा पार्टिशनच झेलतं.

छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर आणखी एक गोष्ट. उघड्या हौद्यातून उडालेली वस्तू मागच्या दुचाकीवाल्यासमोर पडते. विजापूर रोडवर संध्याकाळी गाडीच्या मागे किती दुचाकी असतात हे आपण रोज पाहतो. डबे, तुकडे, चकत्या झाकणाच्या पेटीतच हव्यात. पाइप आणि शिड्या ठरलेल्या मापाबाहेर काढल्या तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा.

## मागे बसणारा हेल्पर

हा मुद्दा कुणाला आवडत नाही, तरी लिहितो. पुढे मालक आणि मिस्त्री बसतात, हेल्पर पोरगं मागे सामानावर बसतं. गॅस सिलेंडरला टेकून, पायाशी कटर मशीन, मांडीवर ड्रिलची पेटी. त्याला सीट नाही, बेल्ट नाही, आणि वर सांगितलेला सगळा हिशोब पहिल्यांदा त्याच्या अंगावर येतो. जाळी बसवली तर तो जाळीच्या चुकीच्या बाजूला असतो.

"जवळच तर जायचंय" हे उत्तर मला पटत नाही. ५० चा वेग शहरातच असतो. एक माणूस जास्त असेल तर त्याला सिटी बसने किंवा दुचाकीने पाठवा, गाडीच्या दोन फेऱ्या करा. बाकी सगळ्या सूचनांमध्ये खर्च आणि सोय बघून कमी-जास्त करायला हरकत नाही. यात नाही.

## जुन्या चादरीत गुंडाळणं

सोलापुरात प्रत्येक गाडीत एखादी जुनी चादर असतेच. खड्ड्यांतले हादरे ती चांगली शोषते, ओरखडे वाचवते आणि सामान बाहेरून दिसू देत नाही. तिचा उपयोग जरूर करा, फक्त ती सुती आहे हे विसरू नका. कापून झाल्यावर ग्राइंडरची चकती आणि पुढचं टोक बराच वेळ तापलेलं असतं. लगेच चादरीत गुंडाळलं तर कापूस आतल्या आत धुमसू शकतो, आणि गाडी बंद असल्याने धूर उशिरा कळतो. शिवाय सुताचे तंतू मशीनच्या हवेच्या जाळीत ओढले जाऊन मोटर तापते. मशीन आधी गार होऊ द्या. आणि चादरीत गुंडाळलं म्हणजे बांधलं, असं नाही.

फर्निचरला तेल-पॉलिश करणाऱ्यांनी तेलाच्या ओल्या चिंध्या गोळा करून गाडीत कोंबू नयेत. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं हवेशी संयोग होऊन स्वतःच तापतात. चिंध्या पसरून वाळवा, किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

## चकत्या, लेझर, वायर

कटिंगची चकती काचेइतकीच नाजूक समजा. राळेने बांधलेली असल्याने ओलीने कमजोर होते, आणि आपटली तर डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. चार इंची चकतीवर मिनिटाला १५,२०० फेऱ्यांची मर्यादा लिहिलेली असते. त्या वेगाने तिची कड सेकंदाला ८० मीटर धावते. चिरलेली चकती त्या वेगाला फुटते, तेव्हा तुकडे तोंडाकडे येतात. मशीनला लावून नेऊ नका. सपाट डब्यात, कोरड्या जागी आडव्या ठेवा. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती मुदत संपलेली चकती वापरू नका.

लेझर लेव्हलच्या, म्हणजे उजेडाच्या रेषेने पातळी दाखवणाऱ्या यंत्राच्या, आत लोलक असतो. प्रवासात त्याचं कुलूपबटण लावलं नाही तर तो हादऱ्यांनी बिघडतो आणि फरशी उताराला लागल्यावरच ते कळतं. कटर मशीनचं डोकं खाली दाबून साखळी किंवा पिन लावा. वायर मशीनभोवती आवळून गुंडाळू नका. तांबं तुटतं ते वायर मशीनमध्ये शिरते त्याच जागी.

## गॅस आणि थिनर

ॲसिटिलीनचा सिलेंडर, ज्याला आपण डीए म्हणतो, बंद गाडीत नेणं मला अजिबात मान्य नाही. हवेत अडीच टक्के मिसळला तरी हा गॅस पेट घेतो, आणि गळती झाल्यावर दार उघडताना लागणारा आतला दिवासुद्धा ठिणगीला पुरतो. तो उघड्या गाडीतूनच न्यावा. उभा, पट्ट्याने बांधलेला, रेग्युलेटर काढलेला, व्हॉल्व्ह बंद आणि टोपी लावलेली. आडवा ठेवला तर आतलं ॲसिटोन व्हॉल्व्हकडे येतं. थिनर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवर साचते, म्हणजे नेमकी तिथेच जिथे मशिनं असतात. उलट सीएनजी हलका, तो छताखाली साठतो. सीएनजीच्या गाडीत सिलेंडरच्या व्हॉल्व्हजवळ पाइप किंवा मशीन टेकवू नका.

## चोरी आणि विमा

गाडीचा विमा आहे म्हणजे आतल्या मशिनांचाही आहे, असा समज सर्रास दिसतो. नेहमीचा मोटार विमा गाडीचा आणि तिला बसवलेल्या वस्तूंचा असतो, सुट्या हत्यारांचा नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. प्रत्येक मशीनच्या सिरीयल नंबरचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक प्रत घरच्या कुणाला पाठवून द्या. पोलिसांत तक्रार देताना नंबर नसेल, तर सापडलेलं मशीन तुमचंच आहे हे सिद्ध करणं अवघड जातं.

## फुगलेल्या बॅटरीचं काय करायचं?

फुगलेली, चिरलेली, गोडसर वास येणारी किंवा वापरात नसतानाही गरम लागणारी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, उघडू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा. कोरड्या वाळूच्या बादलीत, घर आणि गाडी दोन्हींपासून लांब, सावलीत ठेवा. घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या दाबयंत्रात ती चिरडली की तिथे आग लागते, आणि ती विझवायला सफाई कामगारांना जावं लागतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तेव्हा जिथून घेतली त्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्या.

गाडीत धूर दिसलाच तर गाडी बाजूला घ्या, सगळ्यांना उतरवा, मशीन वाचवायला आत शिरू नका. हा धूर विषारी असतो. पावडरचं अग्निशामक ज्वाळा दाबतं पण सेल गार करत नाही, त्यामुळे विझलेली बॅटरी थोड्या वेळाने पुन्हा पेटू शकते. तिला भरपूर पाणी लागतं, आणि ते लांबून मारायला अग्निशमन दल. १०१ किंवा ११२ वर फोन करताना आत लिथियम बॅटरी आहे हे सांगा, आणि गॅसचा सिलेंडर असेल तर तेही.